घरच्या कॉम्प्युटरला वेगळी फायरवॉल विकत घ्यावी लागते का?

अंत्रुजकर (माशेल)

नमस्कार. मी निवृत्त शिक्षक. संगणकातला जाणकार नाही, पण अगदीच अडाणीही नाही. घरी विंडोज १० वाला डेस्कटॉप आहे, त्याच्यावर माझं टायपिंग चालतं. देवस्थानच्या जत्रेची पत्रकं, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी, आणि मुख्य म्हणजे नाटकं. आमच्या मंडळाने उत्सवात आणि कला अकादमीच्या स्पर्धेत केलेल्या नाटकांच्या संहिता, दिग्दर्शकाच्या काटछाटीसकट, मी टाईप करून ठेवल्या आहेत. त्यातले काही लेखक आता हयात नाहीत आणि त्यांच्या घरातले कागद वाळवीने खाल्ले. म्हणून मला ह्या कॉम्प्युटरची काळजी.

आता प्रश्न. चवथीच्या तोंडावर, नेमका पत्रकं छापायच्या वेळी, प्रिंटर वायफायवर दिसेनासा झाला. जवळच्या एका दुकानातून मुलगा बोलावला. त्याने खटपट केली, प्रिंटर चालू झाला. जाताना म्हणतो, "सर, फायरवॉल बंद केलीय, तीच अडवत होती. आता आमच्याकडून इंटरनेट सिक्युरिटीचं पॅकेज घ्या, त्यात चांगली फायरवॉल येते." वर्षाचे अडीच हजार. मला हा व्यवहार कळला नाही. घरात होती ती बंद करायची आणि मग तीच विकत घ्यायची?

बेंगळुरूच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, घरात राऊटर आहे ना? मग फायरवॉलची गरजच नाही." शेजारी म्हणतात, अँटिव्हायरस आहे तेवढं पुरे. तिघांची तीन मतं, आणि तिघेही ठामपणे बोलतात.

घरात काय काय आहे ते सांगतो. नेट केबलवाल्याचं फायबर, राऊटरही त्यानेच दिलेला. जुना विजेच्या लखलखाटात जळला तेव्हा पावसात हा नवा आला. डेस्कटॉप, सुनेचा लॅपटॉप (ती घरून ऑफिसचं काम करते आणि मधूनमधून पर्वरीला ऑफिसात नेते), सगळ्यांचे मोबाईल, टीव्ही, आणि अंगणातले कॅमेरे व त्यांचा डीव्हीआर (चित्रं साठवणारा डबा). कॅमेरे मुलाच्या हट्टामुळे. तो बोटीवर असतो, तिथून फोनवर अंगण बघतो. कॅमेरे बसवणाऱ्याने तेव्हा "राऊटरमध्ये पोर्ट उघडावे लागतील" असं काहीतरी म्हटलं होतं, आणि उघडलेही असावेत.

तर वेगळी फायरवॉल लागते का, आणि लागत नसेल तर का लागत नाही? नुसतं "घ्या" किंवा "नको" असं लिहू नका. मी उत्तराला दोन आणि रीतीला आठ गुण देणारा मास्तर आहे.

सांगेचो पेंग्विन (सांगे)

विंडोज काढा, लिनक्स टाका. प्रश्न मिटला.

अंत्रुजकर (माशेल)

आणि श्रीलिपीत (विंडोजवरच्या मराठी टायपिंगच्या प्रोग्राममध्ये) टाईप केलेली माझी अर्धी नाटकं कोण वाचणार, तुम्ही येऊन?

बार्देसवाला (म्हापसा)

सर, अडीच हजार देऊ नका. आणि आज रात्री जेवायला बसायच्या आधी ती बंद केलेली फायरवॉल चालू करा. रीत हवी म्हणालात, तेव्हा लांबलचक लिहितो. मी हॉटेलांची आणि घरांची नेटवर्कं बसवतो, कळंगुटपासून पर्वरीपर्यंत. सिक्युरिटी पॅकेजं विकत नाही.

कॉम्प्युटर नेटवर्कला जोडला की त्याच्यावर पोर्ट नावाचे ६५ हजारांवर क्रमांक असतात. त्यातल्या काहींवर विंडोजचे स्वतःचेच प्रोग्राम कान लावून बसलेले असतात. ४४५ वर फाईल शेअरिंग, १३५ वर एक अंतर्गत सेवा, चालू केलं असेल तर ३३८९ वर रिमोट डेस्कटॉप. बाहेरून कुणी न विचारता ह्या क्रमांकांवर बोलायला आलं तर त्याला बोलू द्यायचं की नाही, हे फायरवॉल ठरवते. बस. ती फाईल तपासत नाही, व्हायरस ओळखत नाही, ईमेल वाचत नाही. ते काम अँटिव्हायरसचं. तुमचे शेजारी दोन वेगळी खाती एकत्र करतायत.

आणि विंडोजमध्ये ती फुकट आहे, चांगली आहे, आणि मुळात चालूच असते. हे "मुळात चालू" प्रकरण महाग पडून आलेलं आहे. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हाही तिच्यात फायरवॉल होती, पण बंद. कुठल्या तरी खिडकीच्या आत, टिचकी मारून चालू करायची. कुणी करत नव्हतं. मी त्या काळात म्हापशाच्या एका सायबर कॅफेत बसायचो. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा किडा, म्हणजे नेटवरून आपणहून पसरणारा प्रोग्राम, आला. गिऱ्हाईक मेल लिहितंय आणि स्क्रीनवर खिडकी येते, "६० सेकंदांत सिस्टम बंद होणार". मोजणी उलटी चालू. आम्ही धावत जाऊन शटडाऊन रद्द करायची एक कमांड टाईप करायचो, की ती मोजणी थांबायची. मग पुढच्या टेबलावर तेच. गिऱ्हाईकाने काही उघडलं नव्हतं, कुठे क्लिक केलं नव्हतं. नेटला जोडलेलं असणं एवढाच गुन्हा. तो किडा १३५ पोर्टवरून थेट आत यायचा. दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच दिली होती, पण ती घ्यायची म्हणजे नेटला जोडायचं, आणि जोडलं की दुरुस्ती उतरायच्या आधी किडा उतरायचा! शेवटी दुरुस्ती सीडीवर घालून एकेका मशीनला दिली. पुढल्या वर्षी उन्हाळ्यात सॅसर आला, तो ४४५ वरून. मग ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि त्यात फायरवॉल आपोआप चालू झाली. ती आजतागायत चालू असते, कुणी हात लावेपर्यंत.

तुमच्याकडे हात लागला.

आता भाच्याचं म्हणणं. चुकीचं नाही, अर्धं आहे. कॅफेच्या काळात डायल-अप मोडेम कॉम्प्युटरलाच असायचा, म्हणजे आपलं मशीन उघड्यावर. आता मध्ये राऊटर आहे. तुमच्या घरातल्या उपकरणांचे पत्ते १९२.१६८ ने सुरू होणारे असतील; हे खाजगी पत्ते, बाहेरच्या जगात चालत नाहीत. बाहेर सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो. सूनबाईंच्या लॅपटॉपने कुठली वेबसाईट मागितली की राऊटर आपल्या तक्त्यात नोंद करतो, अमक्याने तमक्याकडे विचारणा केली. उत्तर आलं की तक्ता बघून लॅपटॉपकडे पाठवतो. ज्याची नोंदच नाही असं काही आलं, तर ते कुणाला द्यायचं हे त्याला कळत नाही आणि तो ते टाकून देतो. दिवसभर वाड्यातल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर असतात. ते राऊटरपाशीच अडकतात. इथवर भाचा बरोबर.

पण राऊटर बघतो ती बाहेर आणि घर यांच्यातली ये-जा. घरातल्या घरात, एका वायफायवरच्या दोन उपकरणांमधलं बोलणं तो सहसा अडवत नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय पसरला तो आठवा. तोही ४४५ वरून. त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती, म्हणजे दोन महिने आधी, पण लाखो मशीनांवर ती घातलेली नव्हती. एक मशीन लागलं की ते आपल्याच नेटवर्कातली बाकीची शोधायचं, आणि मिळेल त्याच्या फायली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये पैसे मागायचं. तिथे राऊटरचा काही उपयोग नव्हता. फायरवॉल चालू आणि फाईल शेअरिंग बंद असलेल्या मशीनपर्यंत तो त्या वाटेने पोचत नव्हता.

तुमच्या घरात सूनबाईंचा लॅपटॉप पर्वरीला जाऊन येतो. चवथीला पाहुणे येतात आणि पहिला प्रश्न "वायफायचा पासवर्ड काय?". टीव्ही आहे. आणि तो डीव्हीआर, ज्याच्याविषयी मला सगळ्यात जास्त संशय आहे. त्याच्यावर नंतर येतो. ह्या सगळ्यांपासून तुमच्या नाटकांना आडोसा म्हणजे कॉम्प्युटरवरची फायरवॉल. तिच्याशिवाय राऊटर अपुरा आणि राऊटरशिवाय ती एकटी पडते. दोन्ही घरात आहेत, दोन्हींचे पैसे देऊन झालेत.

प्रिंटरचं काय झालं असेल ते सांगतो. नवा राऊटर आला म्हणालात. विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क. नव्या नेटवर्कला ती सहसा "पब्लिक" समजते, म्हणजे मोपा विमानतळाच्या किंवा हॉटेलच्या वायफायसारखं अनोळखी. पब्लिकमध्ये ती आजूबाजूची उपकरणं शोधत नाही आणि स्वतःही दिसत नाही. प्रिंटर गायब. उपाय फायरवॉल बंद करणं हा नव्हता, त्या नेटवर्कला "प्रायव्हेट" म्हणणं एवढाच होता. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तुमच्या जोडणीचे प्रॉपर्टीज. तिथे पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोन गोल दिसतील. दुकानातल्या पोराला हे माहीत नसेल, किंवा माहीत असेल आणि पॅकेज खपवायचं असेल. मी पहिलं समजून चालतो.

करायचं असं. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्यात फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन. डोमेन, प्रायव्हेट, पब्लिक अशी तीन नावं दिसतील. तिन्ही चालू करा. मग वर सांगितल्याप्रमाणे नेटवर्क प्रायव्हेट करा. मग फाईल अँड प्रिंटर शेअरिंग बंद ठेवा. वायफायवरच्या प्रिंटरवर छापायला ते लागत नाही, ते तुमच्या फायली दुसऱ्यांना दाखवायला लागतं. प्रिंटर चालला तर मला कळवा. नाही चालला तर जास्त कळवा.

विकतच्या पॅकेजबद्दल थोडक्यात: त्यातल्या फायरवॉलचा एक खास गुण सांगतात, की ती बाहेर जाणारंही अडवते. विंडोजची बाहेर जाणाऱ्याला मुळात अडवत नाही, हे खरं. पण मग स्क्रीनवर प्रश्न येतात, "अमुक डॉट ईएक्सई बाहेर जाऊ पाहतेय, जाऊ देऊ?" पहिल्या दिवशी माणूस वाचतो. दुसऱ्या दिवसापासून होय, होय, होय. हॉटेलच्या रिसेप्शनवर मी हे रोज बघतो.

आणि पेंग्विनबाब, तुमच्या लिनक्सच्या उबुंटू प्रकारात फायरवॉल येते पण मुळात बंद असते. जरा बघून घ्या.

सांगेचो पेंग्विन (सांगे)

बंद असते कारण बाहेर कान लावून बसलेलं फारसं काही नसतंच तिच्यात. पण बरं, केली चालू.

सत्तरीची वैनी (वाळपई)

बार्देसवाल्या भावाने चांगलं लिहिलंय, पण सर, तुमच्या वयाच्या माणसांचे पैसे ह्या ४४५ वरून जात नाहीत. मी पतसंस्थेत काउंटरला आहे, पैसे गेल्यावर लोक कुठल्या तोंडाने येतात ते मी बघते.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांना मोबाईलवर मेसेज आला, मागच्या महिन्याचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापणार, ह्या नंबरवर बोला. पावसाचे दिवस, वीज तशीही सतरा वेळा जात होती, त्यामुळे त्यांना खरंच वाटलं. फोन केला. पलीकडचा अगदी अदबीने, "काका काका" करत बोलत होता. एक ॲप घालायला लावलं, त्याच्यावरचा नऊ आकडी नंबर वाचून दाखवायला सांगितला, आणि मग "फक्त दहा रुपये भरून बघा, सिस्टम अपडेट होते का". त्या ॲपमधून पलीकडच्याला सगळी स्क्रीन दिसत होती, ओटीपीसकट. खात्यात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले होते.

त्या गृहस्थांच्या घरी कॉम्प्युटरही होता आणि त्याच्यावर विकतचं पॅकेजही होतं. काय उपयोग? त्यांनी स्वतः ॲप घातलं, स्वतः होकार दिला.

भाऊ, हे फायरवॉलने का अडत नाही, ते सरांना रीतसर सांगा. मी एवढंच सांगते की असं झालं तर रडत बसायच्या आधी १९३० ला फोन करायचा. राष्ट्रीय सायबर गुन्हे हेल्पलाईन. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत तक्रार गेली तर बँका ती रक्कम अडवून ठेवू शकतात. आमच्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं, लाज वाटली म्हणून.

आणि सर, त्या संहितांची दुसरी प्रत कुठे आहे? आमच्या महिला मंडळाला सगळ्या बायकांचीच पात्रं असलेलं एक हवंय, तुमच्याकडे असेल असं वाटतं. त्याच्या आत तुमची डिस्क जायला नको!

बार्देसवाला (म्हापसा)

वैनी, शंभर टक्के. रीत अशी: त्या ॲपने जोडणी आतून बाहेर केली. मोबाईल असो की कॉम्प्युटर, तो स्वतः त्या कंपनीच्या सर्व्हरशी बोलायला गेला आणि उत्तरं त्याच जोडणीतून आत आली. राऊटरच्या तक्त्यात नोंद होती, फायरवॉलच्या लेखी घरच्या माणसाने मागितलेली गोष्ट होती. मागितलेलं आत येऊ देणं हेच तर तिचं काम. ईमेलच्या अटॅचमेंटचंही असंच, उघडणारा हात आपला असतो.

सरांना बॅकअपचं विचारलंत ते बरं केलंत, मी विसरलो नसतो पण शेवटी लिहिलं असतं.

अंत्रुजकर (माशेल)

सगळं केलं. अहवाल देतो.

डोमेन चालू होतं, प्रायव्हेट आणि पब्लिक बंद. तिन्ही चालू केली. नेटवर्क पब्लिकच होतं, प्रायव्हेट केलं. फाईल शेअरिंग बंद. प्रिंटर दिसतो, छापतोही. अडीच हजार वाचले, त्यातून शाई येईल.

बॅकअप: भाच्याने दिलेली एक बाहेरची डिस्क आहे. ती कॉम्प्युटरलाच लावलेली असते, रोज आपोआप प्रत होते. वैनी, बायकांच्या पात्रांची दोन आहेत, एक विनोदी आणि एक रडवणारं. कुठलं ते सांगा, छापूनच ठेवतो.

आता राऊटर. पासवर्ड राऊटरच्या पाठीवरच चिकटवलेला होता, ॲडमिन आणि ॲडमिन. सून म्हणाली, ही काही पासवर्डाची रीत नव्हे. आत गेल्यावर पोर्ट फॉरवर्डिंग नावाच्या पानावर तीन ओळी सापडल्या: ८०, ८००० आणि ३७७७७, तिन्ही डीव्हीआरच्या पत्त्याला जोडलेल्या. केबलवाल्याच्या पोराने जुन्या राऊटरवरून उतरवल्या असाव्यात. खाली यूपीएनपी म्हणून काही चालू आहे. आणि "वॅन" च्या पुढे पत्ता आहे तो १००.७२ ने सुरू होतो. बार्देसवाल्याचा सगळ्यात जास्त संशय डीव्हीआरवर होता, म्हणून हे सगळं उतरवून घेतलं.

बार्देसवाला (म्हापसा)

सर, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मला एकही मिळत नाही.

डिस्क आधी. लावलेली ठेवू नका. वॉनाक्रायसारखं काही शिरलं तर ते जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही कुलूपबंद करतं, म्हणजे मूळ आणि प्रत एकाच दिवशी. आठवड्यातून एकदा लावा, प्रत करा, काढून कपाटात ठेवा. शिवाय एक प्रत घराबाहेर, भाच्याकडे किंवा ऑनलाईन ड्राईव्हवर. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वाढीव सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, तिच्यात नाव घातलंय का ते बघा; मशीनला ११ चालत असेल तर सरळ ११ घ्या. ब्लास्टरच्या वेळी काय आणि वॉनाक्रायच्या वेळी काय, दुरुस्ती आधीच आलेली होती. ज्या मशीनला दुरुस्तीच येत नाही तिच्यापुढे फायरवॉल किती पुरी पडणार?

आता त्या तीन ओळी. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे राऊटरला दिलेली कायमची आज्ञा: ह्या क्रमांकावर बाहेरून कुणीही आलं, नोंद असो वा नसो, त्याला डीव्हीआरकडे पाठव. "कुणीही" म्हणजे बोटीवरचा तुमचा मुलगा, आणि बाकीचं सगळं जग. २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रकार झाला. तो कॉम्प्युटरच्या मागे लागलाच नाही. कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधायचा, आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डच्या जोड्या लावून बघायचा. ॲडमिन-ॲडमिन त्यातलीच एक. अशा पकडलेल्या उपकरणांची फौज २१ ऑक्टोबर २०१६ ला डाईन (Dyn) नावाच्या, साईटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या कंपनीवर सोडली, तर अमेरिकेत ट्विटर आणि नेटफ्लिक्ससकट कितीतरी साईट बसल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ता नव्हता, कॅमेरे आपले अंगण दाखवत होते.

पण तुमच्या राऊटरला बाहेरच्या बाजूने मिळालेल्या १००.७२ वाल्या पत्त्यामुळे गोष्ट वेगळी आहे, आणि मजेशीर आहे. जगातले जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सगळे मिळून ४२९ कोटी. आशियाच्या वाट्याचे २०११ मध्येच जवळजवळ संपले. म्हणून लहान-मोठे नेटवाले काय करतात, शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता वापरतात आणि घरांना मधले पत्ते देतात. त्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला. तुम्ही त्यात आहात. म्हणजे तुमच्या राऊटरच्या पुढे केबलवाल्याकडे आणखी एक तक्ता आहे, आणि त्या तक्त्यात तुमच्या तीन ओळी नाहीत. बाहेरून ८००० वर आलेला माणूस तुमच्यापर्यंत पोचतच नाही. कॅमेरेवाल्याने उघडलेले पोर्ट तूर्तास कुणालाच उपयोगाचे नाहीत, चोरालाही नाहीत. मग मुलाला अंगण दिसतं कसं? डीव्हीआर आपणहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडून बसतो आणि मुलाचा फोन त्याच सर्व्हरकडे जातो. वैनींच्या गोष्टीतल्या ॲपसारखंच, आतून बाहेर.

तर त्या तीन ओळी पुसून टाका. मुलाचं बघणं थांबणार नाही. थांबलं तर मी फोंड्याला येऊन जोडून देतो. नाही पुसल्या तर, उद्या कॅमेरेवाला म्हणेल "स्टॅटिक आयपी घ्या, पिक्चर फास्ट येईल", म्हणजे तुमच्या एकट्याचा कायमचा खरा पत्ता, तुम्ही तो घ्याल, आणि त्या दिवशी तिन्ही पोर्ट खरोखर जगाला उघडे होतील. यूपीएनपी बंद करा. त्याच्यामुळे घरातलं कुठलंही उपकरण राऊटरला परस्पर पोर्ट उघडायला सांगू शकतं, मास्तरांना न विचारता. राऊटरचा पासवर्ड बदला. डीव्हीआरचाही बदला, आणि मुलाच्या ॲपचाही, कारण आता खरी किल्ली तीच आहे. राऊटरमध्ये गेस्ट वायफाय (घरच्या उपकरणांपासून वेगळं ठेवलेलं वायफाय) असेल तर टीव्ही, पाहुणे सगळे तिकडे. डीव्हीआर वायरने असेल तर तो तिकडे जाणार नाही, राहू दे.

दोतोर मडगांवचे (मडगांव)

मध्येच घुसतो. माझ्याकडे मॅक आहे, मला ह्यातलं काही लागू?

बार्देसवाला (म्हापसा)

लागू. मॅकमध्ये फायरवॉल असते पण मुळात बंद. सिस्टम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल, चालू. क्लिनिकच्या वायफायवर पेशंटही असतात ना? मग आजच करा.

अंत्रुजकर (माशेल)

ओळी पुसल्या, यूपीएनपी बंद, पासवर्ड बदलले. मुलाला मेसेज टाकला होता, त्याचं जहाज बंदराला लागलं तेव्हा उत्तर आलं: अंगण दिसतं, आणि तुळशीकडचा दिवा का पेटत नाही? म्हणजे चित्र स्वच्छ येतंय.

एक शंका उरली. राऊटरच्या त्याच पानावर खाली आयपीव्ही६ म्हणून एक लांबलचक पत्ता आहे, २४०१ ने सुरू होणारा. कॉम्प्युटरवर बघितलं तर त्यालाही २४०१ वालाच पत्ता आहे, १९२.१६८ च्या जोडीला. तुम्ही म्हणालात घरातले पत्ते बाहेर चालत नाहीत. हा चालतो का? चालत असेल तर तो तक्ता-बिक्ता सगळं ह्याला लागू पडतं का?

बार्देसवाला (म्हापसा)

सर, हा प्रश्न माझ्या पोरांपैकी एकानेही विचारला नव्हता.

चालतो. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत, तिच्यात टंचाई नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा खरा, जगात चालणारा पत्ता मिळतो. राऊटरला खाजगी पत्त्याच्या जागी खरा पत्ता घालायचं कारण उरत नाही, म्हणून त्या अदलाबदलीच्या तक्त्यामुळे जो फुकटचा आडोसा मिळत होता तोही उरत नाही. केबलवाल्याचा दुसरा तक्ताही ह्या वाटेवर नाही. इथे अडवणारे दोघेच: राऊटरमधली आयपीव्ही६ फायरवॉल, आणि तुमच्या विंडोजची. विंडोजवाली दोन्ही प्रकारच्या पत्त्यांना लागू असते, आणि ती तुम्ही परवा चालू केलीत. तेव्हापर्यंत डेस्कटॉप कशाच्या भरवशावर होता ते राऊटरवर अवलंबून.

राऊटरमध्ये सिक्युरिटी किंवा फायरवॉल नावाचं पान असेल. त्यात आयपीव्ही६ फायरवॉल चालू आहे ना बघा. बऱ्याच राऊटरांत ती चालू येते, पण स्वस्तातल्या काहींत नुसता लो, मीडियम, हाय असा पर्याय असतो आणि लो वर सगळं आत येतं. मीडियम ठेवा. हाय ठेवलंत तर सूनबाईंचे ऑफिसचे व्हिडिओ कॉल अडखळतील आणि दोष माझ्यावर येईल. असं पानच नसेल तर केबलवाल्याला फोन करून विचारा, "आयपीव्ही६ ला इनबाउंड ब्लॉक आहे का?", म्हणजे न मागता बाहेरून येणारं अडवलं जातं का. त्याने "ते काय?" असं विचारलं तर राऊटरमध्ये आयपीव्ही६ बंद करून टाका, तूर्तास तुमचं काही अडणार नाही. राऊटरचं मॉडेल इथे टाका, पानाचं नाव शोधून देतो. पाठीवरच्या कागदाचा फोटो मात्र टाकू नका.